राजेसाब नदाफची एक रांग

वैरागचा मौला नदाफ गाडीवान झाला तो काही हौसेनं नव्हे. बापाचं पिंजण त्याच्या हाती आलं तोवर गावात पिंजायला कापूसच येईनासा झाला होता. बार्शीत मशीन बसलं आणि लोक गाद्या तिकडून भरून आणू लागले. मौलानं पिंजण आढ्याला टांगलं, दोन खोंड धरले आणि कारखान्याचं धुराडं पेटलं की ऊस ओढायला जायला लागला. कारखाना सहकारी, भीमेच्या अंगाला. हंगामभर बायको अकबरी आणि पोरं तिथल्या खोपीत, हंगाम सरला की वैराग.

थोरला राजेसाब असा उसाच्या पाल्यात वाढला. आठव्या वर्षी गाडीच्या तोंडाशी बसून तो पाढे म्हणायचा आणि बैल त्या तालावर पावलं टाकायचे, असं मौला सांगायचा. मौला थापाड्या नव्हता, पण पोराच्या बाबतीत कोण खरं बोलतं? एवढं मात्र खरं की पोराला गणित यायचं. वैरागची शाळा झाली, सोलापूरचं कॉलेज झालं, गणितातली पदवी झाली, आणि सोलापूरच्या नव्या पेठेत कारखान्याची शहर-कचेरी होती, तिथं त्याला कारकुनी मिळाली. साखरेच्या वॅगनसाठी रेल्वेला फोन करायचे, पत्रं टाइप करायची, टपाल बांधायचं. मौलाच्या दृष्टीनं पोरगं सावलीत बसलं. त्याला एवढं पुरे होतं.

कारखान्याचे चेअरमन आप्पा चौथी पास. पण मोठं खटपटी डोकं. मुंबईत साखरवाल्यांच्या कुठल्याशा परिषदेत त्यांनी कॉम्प्युटर नावाच्या मशीनबद्दल ऐकलं आणि परत आल्या आल्या राजेसाबला बोलावून घेतलं.

"मुंबईत एक संस्था हाय. दहा आठवडं शिकिवत्यात. जा. बाहेरचा शाणा आणला तर आपल्याला शिकवाय लागंल. तू आपल्यातलाच हायस, तुला शिव्या तरी देता येत्याल."

त्र्याहत्तरचा दुष्काळ उतरून तेव्हा तीन वर्षं झाली होती. राजेसाब मुंबईला गेला. मशीन त्यानं एकदाच बघितलं, तेही काचेतून; चार म्हशी आरामात बसतील एवढ्या थंडगार खोलीत ते उभं होतं. बाकी सगळं शिक्षण कागदावर. चौकटी आखलेले मोठे ताव असायचे, एका चौकटीत एक अक्षर. ताव दिला की कोणीतरी त्याची कार्डं पाडायचं, कार्डं मशीनला चारायचं, आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्यापट्ट्यांच्या लांबलचक कागदावर उत्तर यायचं. भाषा नॉर्वे देशात निघालेली, सिम्युला. रांगा, गर्दी, खोळंबा, असलं जे काही रोजच्या जगात होतं ते कागदावर घडवून बघायला केलेली. सोलापूरला परतल्यावर राजेसाब ताव लिहून टपालानं मुंबईला पाठवायचा आणि तीन आठवड्यांनी उत्तराचं भेंडोळं यायचं. कचेरीतल्या लोकांना वाटायचं, गडी बिनतारी संदेश पाठवतो.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात आप्पांनी त्याला खरं काम सांगितलं.

कारखान्यावर तेव्हा दोन चाली होत्या. ट्रक आणि ट्रॅक्टर गेटातून सरळ काट्यावर जायचे, तिथं वजन झालं की गव्हाणीत, म्हणजे ऊस गिळणाऱ्या त्या सरकत्या खाचेत, खाली व्हायचे. बैलगाड्यांचं वेगळं. त्यांचा अड्डा होता, लिंबाची चौदा झाडं आणि मधोमध पाण्याचा दगडी हौद. गाडीवानानं यायचं, नंबर घ्यायचा, बैल सोडायचे. नंबर पुकारला की जुंपून काट्यावर. साखर काढून उरलेली काळी मळी मात्र उघड्या खड्ड्यात साठायची आणि पावसाळ्यात नदीला जायची. सरकारची नोटीस आली होती, टाकी बांधा. टाकीला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे अड्डा.

"मला तुजं मत नको," आप्पा म्हणाले. "मशीनला इचार. गाड्या, ट्रॅक्टर, ट्रक, समद्यांची मिळून एकच रांग केली तर भागतंय का? भागत आसंल तर अड्डा मोडू, हौद फोडू, तितं टाकी बांदू. न्हाय भागलं तर टाकी वर माळावर, नळ टाकून. मोडलेला अड्डा पुन्यांदा बांदता येत न्हाय, राजेसाब. झाडं वाढाय वीस वरसं लागत्यात. बगून लिव."

राजेसाबनं मान डोलावली आणि त्या दिवसापासून तो रांग लिहू लागला.

अड्ड्यावर नंबर देणारा रुद्रप्पा दर आठवड्याला शहर-कचेरीत यायचा. अक्कलकोटकडचा माणूस, निम्मा कानडी. गेल्या हंगामातल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे तो घेऊन यायचा: कोणती गाडी कधी आली, कधी खाली झाली. एकदा तो राजेसाबच्या टेबलावर वाकून तावाकडं बघत राहिला.

"काय लिवताय पदवीधर? लग्नाची यादी?"

"रांग लिवतोय, अण्णा."

"अय्यो, रांग लिवायची आसती व्हय? मी तर वरसानुवरसं काठीनं हाणतोय."

"आवो, ह्या रांगंत कोन हुबं ऱ्हाणार त्येच मी लिवलेलं न्हाय. गाडी येऊ दे, ट्रक येऊ दे, उद्या हत्ती आला तरी चालंल. अट एकच. ज्यो येईल त्येला तीन कामं आली पायजेत. वजन सांगाय, पुडं सराय, खाली व्हायाला. त्यातलं येक जरी येत नसंल, तर मशीन त्येला दारातच धरतं. रांग सुरूच हुईत न्हाय."

"आमचा टाइमकीपर आला तर?"

"त्येला खाली होता येतंय का?"

"रोज सकाळी हुतोय की, लोटा घिऊन."

कचेरीतला टायपिस्टसुद्धा हसला. राजेसाब मात्र रंगात आला होता. "आन मजा ही, अण्णा. रांग एकच हाळी मारती, 'खाली हो'. समूर कोन हाय त्ये तिला ठावं नसतं, इचारतबी न्हाय. पर गाडी आसंल तर गाडी तिच्या परीनं खाली होती, मोळी मोळी करून. ट्रक आसंल तर साकळी अडकवून क्रेननं, एका दमात. हाळी येक, काम ज्येचं त्येचं."

रुद्रप्पानं डोकं खाजवलं. "तुजी रांग माज्यापरीस सभ्य हाय. मला परतेकाला त्येच्या आयमायवरनं हाळी मारावी लागती."

त्या उन्हाळ्यात राजेसाब खुशीत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं असं काही लिहिलं होतं की जे एकदा लिहिलं आणि सगळ्यांना पुरलं. गाडीची रांग वेगळी, ट्रकची वेगळी, असलं चऱ्हाट नाही. आधी एक ताव 'वाहना'चा, त्यात सगळ्यांचं सारखं ते लिहिलं. मग गाडी, ट्रॅक्टर, ट्रक यांचे एकेक ताव, त्यात ज्याचं त्याचं वेगळं. गाडीच्या तावाला सगळ्यात जास्त दिवस लागले. चार तास उभी राहिली की जू उतरायचं, बैलांना पाणी दाखवायचं, पुढ्यात वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टाकायचं, तासभर बैल मोकळे. त्या तासात गाडी पुढं सरणार नाही. हे सगळं त्यानं गाडीच्या 'थांब'मध्ये लिहिलं. कितीदा पाणी पाजलं ते मोजायची सोयही ठेवली, म्हणजे शेवटी छापून येईल.

दिवाळीच्या आधी मुंबईहून भेंडोळं आलं. एका रांगेत भागत होतं. नुसतं भागत नव्हतं, गव्हाण दिवसाकाठी अवघी बावीस मिनिटं रिकामी राहत होती. रांग एकदाही तुंबली नाही. आप्पांनी तो कागद घडी न घालता, दोन्ही हातांवर धरून, देवीची साडी न्यावी तसा संचालकांच्या बैठकीत नेला. मशीननं पास केलं, म्हणाले. ठरलं: जानेवारीच्या मध्यापासून पंधरा दिवस एकच रांग चालवून बघायची, आणि नंतरच्या गुरुवारी बैठकीत अड्डा मोडायचा ठराव घ्यायचा. टाकीच्या पायाची आखणी तर चुना टाकून लगेच झाली.

रांग सुरू झाली तेव्हा राजेसाब सोलापुरात होता. बघायला गेला नाही. कागदावर बघितलेलं पुन्हा डोळ्यांनी काय बघायचं, असं त्याचं म्हणणं. रुद्रप्पाचा फोन यायचा.

"राजेसाब, तुजी रांग कालव्यापातुर गेली बग. येकदा येऊन जा."

"बसंल नीट, अण्णा. नवं हाय अजून."

बाराव्या दिवशी रुद्रप्पानं फोनवर नेहमीची थट्टा केली नाही. म्हणाला, "गुंडाचा बैल रांगंत मेला. तुज्या बाची गाडी त्येच्या म्हागंच हाय." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं राजेसाब कारखान्यावर उतरला. गेटापासून कालव्याच्या पुलापर्यंत आणि पुलापलीकडं अर्धा कोस रांग. दोन ट्रकांच्या मधे चार गाड्या, मग एक ट्रॅक्टर, मग पुन्हा गाड्या. ट्रकवाले खाली उतरून विड्या ओढत होते, कोणी चाकाच्या सावलीत झोपलं होतं. बैल मात्र सगळे जुंपलेले. गाडीवानांनी जू उतरलंच नव्हतं. उतरलं आणि नेमकी रांग हलली, तर मागचा ट्रक हॉर्न मारत बगल देऊन पुढं घुसायचा आणि मग नंबरावरून हाणामारी. म्हणून गडी कासरा धरून बसायचे, बैल मान खाली घालून उभे राहायचे. कितीतरी बैलांचे खांदे सोलवटून निघाले होते.

गुंडाची गाडी रस्त्याच्या कडेला ओढून ठेवली होती. मेलेलं ढोर उचलून नेलं होतं. मातीत फरफटल्याची रेघ तेवढी होती. उरलेला बैल चाकाला बांधलेला. गुंडा, पंचविशीतला काळा, हाडकुळा गडी, उसाच्या मोळीवर बसून होता. राजेसाबकडं त्यानं बघितलं आणि नजर काढून घेतली.

मौला पलीकडं आपल्या गाडीच्या तोंडाशी उकिडवा बसला होता.

"आलास?" म्हणाला.

"अब्बा, किती वेळ झाला हुबं?"

"काल पाटंच आलो. ह्येचा बैल कालच सांजच्या आत बसला. बसला तो बसलाच." मौलानं मुलाच्या काखेतल्या भेंडोळ्याकडं बोट केलं. "त्यो कागद त्योच का? ज्येच्यावरनं ह्ये चाललंय?"

"व्हय."

"वाच."

"अब्बा, तुमाला त्ये..."

"आकडं कळत्यात मला. वाच."

राजेसाबनं भेंडोळं मांडीवर उलगडलं. बाजूच्या गाडीवानांनीही कान दिले.

"दिसाला गाड्या दोनशे चौदा. ट्रॅक्टर अडतीस. ट्रक एकसष्ट."

"बरुबर हाय. पुडं."

"गव्हाण रिकामी, बावीस मिनिटं. सगळ्यात जास्त थांबलेली गाडी, अकरा तास."

"अकरा तास जुपून?"

"न्हाय अब्बा. चार तासाला बैल सोडायचं, पाणी दावायचं. मी सोता लिवलंय तसं."

"मग त्ये कुटं हाय त्ये वाच."

राजेसाबचं बोट खाली सरकलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. ती ओळ त्यानं दिवाळीतही पाहिली होती. छापताना रकाना सरकला असेल, असं समजून सोडून दिली होती.

"बैलांना पाणी..."

"किती येळा?"

"शून्य."

मौलानं त्या ओळीला बोट लावलं. मग म्हणाला, "अकरा तास हुबा ऱ्हायला, आन पाणी येकदाबी न्हाय. मग तुजा कागद बरुबरच हाय की. हितं तसंच चाललंय."

 राजेसाब उठला, रुद्रप्पाच्या नंबर द्यायच्या खोलीत गेला आणि पिशवीतून तावांच्या नकला काढून जमिनीवर मांडून बसला.

चूक सापडायला अर्धा तासही लागला नाही. 'वाहना'च्या तावावर अगदी वर एक यादी होती: कोणती कामं ज्याची त्यानं आपल्या परीनं करायची. तिथं 'वजन सांग' होतं, 'पुढं सर' होतं, 'खाली हो' होतं. 'थांब' नव्हतं. 'थांब' त्यानं त्याच तावात खाली सगळ्यांसाठी एकदाच लिहिलं होतं: घड्याळ पुढं जाऊ द्या, बस्स. पुढं महिन्याभरानं गाडीचा ताव लिहिताना त्यात गाडीचं वेगळं 'थांब' लिहिलं, पाण्यासकट, वाढ्यासकट. पण मागं येऊन वरच्या यादीत ते नाव घालायचं राहिलं. रांगेला एवढंच ठाऊक की समोर वाहन आहे. यादीतलं काम असेल तर मशीन थबकून बघतं, समोरचा गाडी का ट्रक, आणि ज्याचं त्याचं काम त्याच्या तावावरून करतं. यादीत नसेल तर बघतच नाही, 'वाहना'च्या तावावरचं करून मोकळं होतं. म्हणून त्यानं दोनशे चौदा गाड्या ट्रकसारख्या उभ्या केल्या. गाडीचं 'थांब' तावावर नीट लिहिलेलं होतं, पण त्याला हाक कुणी मारलीच नाही. मशीननं चूकही दाखवली नाही, कारण त्याच्या नियमानं ती चूक नव्हती.

पहिला ताव लिहिला त्या दिवशी आपण काय विचार केला होता, ते राजेसाबला लख्ख आठवलं. उभं राहण्यात काय आपापलं असतं, असं त्याला वाटलं होतं. उभं राहणारा नुसता उभा राहतो. बैलांच्या शेपटीमागं वाढलेल्या माणसानं हे लिहिलं होतं.

मुंबईला ताव पाठवून उत्तर यायला तीन आठवडे. गुरुवार तीन दिवसांवर. तेव्हा त्यानं रुद्रप्पाकडून एका दिवसाच्या चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि मशीननं जे करायचं ते हातानं करायला बसला. दर गाडीला चार तासांनी सोडायचं, तासभर मोकळी ठेवायची, मागच्याला अडवायचं. रुद्रप्पा चिठ्ठ्या वाचत होता, राजेसाब खडूनं फरशीवर मांडत होता. दुपारपर्यंत फरशी भरली. फरशीवर सकाळी सहाला सुरू झालेली रांग एक वाजता जागच्या जागी गोठली. सोडलेल्या गाड्यांमागं ट्रक अडकले आणि गव्हाण रिकामी पडली. एका रांगेत भागत नव्हतं. बैल मारले तरच भागत होतं.

"आता?" रुद्रप्पानं विचारलं.

"आता आप्पांकडं."

आप्पा बंगल्याच्या ओसरीवर दाढी करून घेत होते. न्हाव्याला त्यांनी हातानं थांबवलं आणि अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून सगळं ऐकलं. मग न्हाव्याला लांब जायला सांगितलं.

"मशीनची चूक का तुजी?"

"माझी."

"मशीनची म्हन."

राजेसाबनं नाही म्हणून मान हलवली.

"ऐक. मशीन चुकलं म्हटलं तर चूक आकड्याची. दोन मिन्टं हिकडं, दोन मिन्टं तिकडं. तू दुरुस्त करून आण, तवर रांग चालू ऱ्हाईल, पायाचं खोदाय घिऊ. तुजी चूक म्हटलं तर समदा कागदच फाडावा लागंल. मी त्यो कागद बैठकीत हातावर नेलाय राजेसाब. आन तुजं काय? पुन्यांदा मुंबई न्हाय, मशीन न्हाय. माजं ऐक."

"तीन आठवड्यात हौद फुटंल, आप्पा."

"फुटंल."

"आन रांग तोवर अशीच."

आप्पांनी न्हाव्याला हाक मारली.

गुरुवारच्या बैठकीला सतरा संचालक. रावजी नावाचे एक संचालक पहिल्यापासून आप्पांच्या विरोधात. त्यांनी चहा यायच्या आधीच सुरुवात केली. "मशीननं पास केल्याली रांग बगून आलो बगा. बैल नापास झालं त्येवडं." आप्पांनी सेक्रेटरीला ठराव वाचायला सांगितला. भिंतीला पाठ लावून उभा राहिलेला राजेसाब पुढं आला.

"ठरावाआधी मला एक सांगायचंय. मुंबईचा कागद चुकीचा आहे. चूक मशीनची नाही, मुंबईवाल्यांची नाही. मी लिहिताना केली."

मग त्यानं काय राहून गेलं ते सांगितलं, जेवढं साध्या भाषेत सांगता येईल तेवढं. फरशीवरचा हिशेब त्यानं तावावर उतरवून आणला होता, तो फिरवला. संचालकांतले निम्मे शेतकरी होते. यादी आणि ताव त्यांना किती कळलं कोण जाणे, पण चार तासांनी सोडलेली गाडी मागच्या ट्रकला कशी अडवते ते न सांगता कळलं.

"मंजे आमी पंधरा दिस एका पिंजाऱ्याच्या पोराच्या वहीवर कारखाना चालिवला म्हणा की," रावजी म्हणाले. दोघे-तिघे हसले. "आन येक इचारतो. तुज्या बापाची गाडी रांगंत हाय न्हवं? म्हणून तर ही आठवण झाली न्हाय?"

"हाय," राजेसाब म्हणाला. बैठकीतलं शुद्ध बोलणं त्याच्या तोंडून आपोआप गळून पडलं. "बापाची गाडी हाय. बापानंच चूक काडली. माजी मला सापडली नसती."

 आप्पा टेबलावरच्या कागदाकडं बघत होते. मग त्यांनी सेक्रेटरीला सांगितलं, लिहा. बैलगाड्यांचा अड्डा आहे तसा राहील. उद्यापासून जुन्या चाली. मळीची टाकी माळावर. मुंबईचं मशीनचं काम बंद. नदाफ यांची बदली शहर-कचेरीतून यार्डात, रुद्रप्पांच्या हाताखाली.

शेवटचं वाक्य सांगताना ते राजेसाबकडं बघत नव्हते. बाहेर पडताना मात्र दारात थांबले आणि नुसतं "लिवताना बगून लिव म्हटलं हुतं," एवढंच म्हणाले.

अकबरीला बदली कळली तेव्हा तिनं खोपीच्या दारात बसून कपाळ बडवून घेतलं. एवढा शिकून पोरगा पुन्हा उसाच्या धुळीत आला, म्हणाली. मौलानं तिला गप्प केलं नाही. तिचं खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाड्या परत अड्ड्यात आल्या. चुन्याच्या रेघांवर शेण पडलं, बैल बसले. दहाच्या सुमाराला राजेसाब गुंडाजवळ गेला. गुंडा उरलेल्या बैलापुढं वाढं सारत होता. बैल तोंड लावत नव्हता.

"गुंडा, त्यो कागद मी लिवला हुता. चूक माजी हुती. बैल तुजा माज्यापायी गेला."

"कळलं मला. रुद्रप्पानं सांगितलं." गुंडानं वाढ्याची पेंढी सोडून पुन्हा मोकळी पसरली. "तू काय लिवलंस त्ये मला वाचता येत न्हाय. ह्यो त्या दिसापासनं नीट खाईना. एकटा गाडीला लागत न्हाय, दुसऱ्याच्या बैलासंगं जुपला तर लाथा झाडतोय. मंगळवारी बाजाराला जोड बगाय जायाचंय. तुजा बा बैलातला जाणता हाय. त्येला येतोस का म्हणून इचार."

"मीबी येतो."

"तू येऊन काय करणार?"

 राजेसाब मौलाला सांगायला गेला.

मंगळवारी मौला आणि गुंडा वैरागच्या बाजाराला गेले. राजेसाबची यार्डात पाळी होती. त्या दिवशी त्यानं एकशे नव्वद गाड्यांना नंबर दिले. संध्याकाळी रुद्रप्पानं त्याला खिडकीतून उठवलं तेव्हा त्याचा आवाज बसला होता. नंबर पुकारायची अजून सवय नव्हती.

शुक्रवारी सकाळी गुंडाची भरली गाडी फाटकातून आत आली. नवा बैल बांड्या रंगाचा, जुन्यापेक्षा उंच. दोघांचा मेळ बसला नव्हता. नवा पुढं पुढं करत होता, जुना रेटत होता, आणि गाडी तिरकी चालत होती. गुंडा दोघांनाही शिव्या देत खिडकीशी आला, हात पुढं केला. राजेसाबनं नंबर दिला. गुंडानं त्याच्याकडं बघितलं नाही. चिठ्ठी मुंडाशात खोवली, गाडी लिंबाखाली नेली आणि जू उतरायला लागला.